खोडलेला मुद्दा

परवा माझ्या भाचीचा फोन आला. बारावीची परीक्षा तोंडावर आली आहे, अर्थशास्त्र काही केल्या डोक्यात शिरत नाही, आणि आमच्या घरात अर्थशास्त्रात दोनशेपैकी एकशे शहाण्णव मार्क मिळवलेली मी एकटीच. मावशी, उजळणी कशी करायची तेवढं सांग, असं तिचं म्हणणं. मी चांगली पंधरा मिनिटं बोलले. धडा मोठ्यांदा वाच. आकृत्या नुसत्या बघू नकोस, हाताने काढ. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडव. आणि शेवटी कोणासमोर तरी बसून सगळं म्हणून दाखव. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. फोन ठेवला आणि लक्षात आलं की जे खरं सांगायला हवं होतं ते मी या वेळीही गिळून टाकलं. इतक्या वर्षांनी ते गिळताना काही वाटतसुद्धा नाही, याचाच मला धक्का बसला.

म्हणून आता लिहून टाकते.

आम्ही मूळचे सोलापूरचे. बाबा बँकेत होते आणि मी दहावीत असताना त्यांची बदली चेन्नईला झाली, तीही अंबत्तूरच्या शाखेत. अंबत्तूर म्हणजे कारखान्यांची वसाहत. तिथे राहायला आई तयार होईना. बाबांच्या जागी आधी असलेल्या साहेबांनी वेस्ट मांबलममधली एक जागा सुचवली, खालच्या मजल्यावर मराठी बोलणाऱ्या एक बाई राहतात म्हणून. आईने जागा न बघताच होकार दिला. त्या एका होकारापायी बाबा पुढची कितीतरी वर्षं रोज मांबलम स्टेशनवर गाडी धरायचे, मध्ये एकदा बदलायचे आणि घामाने निथळत अंबत्तूरला पोचायचे. ते तक्रार करायचे नाहीत, फक्त रविवारी स्टेशनच्या दिशेला तोंड करून बसायचे नाहीत.

खालच्या त्या बाई म्हणजे अक्का. साठी ओलांडलेल्या, विधवा, तंजावरकडच्या. पहिल्या दिवशी त्यांचं मराठी ऐकून आईचा चेहरा पडला होता. शब्द आपलेच, पण पोथीतून उठून आल्यासारखे जुने, आणि चाल पुरती तमिळ. ‘मला’ नाही, ‘मज’. ‘सगळे’ म्हणायचं तर ‘अस्के’. पण आठवड्याभरात आईचा कान बसला आणि महिन्याभरात दोघींची अशी गट्टी जमली की बाबा आईला विचारायचे, तुझा पत्ता आता वरचा का खालचा?

अक्कांचा इडली-डोशाच्या ओल्या पिठाचा धंदा होता. मागच्या खोलीत दोन मोठे ग्राइंडर. सकाळी तांदूळ-उडीद भिजत, दुपारी दळण, आणि पाच वाजता फाटकाशी माणसं डबे घेऊन उभी. अक्का स्टीलच्या मापाने पीठ घालायच्या आणि वर एक पळी जास्तीची. त्या पिठाचं नाव आमच्या तीन-चार गल्ल्यांत होतं. पीठ चांगलं फुगतं ते दळणाऱ्याच्या हातावर, अशी तिकडे पक्की समजूत आहे. मीठ हातानेच कालवायचं, चमच्याने नाही, आणि ज्याचा हात चांगला त्याचंच पीठ चढतं. त्याला तिकडे कैराशी म्हणतात. आपण हातगुण म्हणतो तेच. अक्कांना कैराशी आहे, हे त्या बाजूचं पोरटोरही सांगायचं.

त्यांचा एकुलता एक मुलगा चेन्नईच्या पार टोकाला, सिरुसेरीच्या कुठल्याशा कंपनीत होता. तिथेच त्याने फ्लॅट घेतला होता आणि आईने धंदा बंद करून आपल्याकडे यावं, असा त्याचा धोशा होता. अक्कांना जायचं नव्हतं. त्या एकदाच तिथे चार दिवस राहून आल्या होत्या आणि आईला सांगत होत्या, अकराव्या मजल्यावर आहे, खाली उतरलं तरी बोलायला माणूस नाही, आणि रस्ता एवढा मोठा की पलीकडचं दुकान नुसतं दिसतं. मुलाशी भांडायला त्यांच्याजवळ एकच उत्तर होतं: माझा धंदा चालला आहे, तो कसा टाकून येऊ? पीठ खपतंय तोवर घर त्यांचं होतं. हे आम्हाला ठाऊक होतं आणि त्यांच्या मुलालाही ठाऊक होतं.

मी अकरावीला कॉमर्सला गेले. चेन्नईत बारावी म्हणजे काय प्रकरण असतं, हे सोलापुरात बसून कळणार नाही. आमच्या गल्लीतला इस्त्रीवालासुद्धा विचारायचा, सेंटम येणार का? सेंटम म्हणजे पैकीच्या पैकी. तेवढ्यासाठी मला एका सरांच्या शिकवणीला घातलं. सर गच्चीवर शिकवायचे, वर झापांचं छप्पर, खाली चटया, चटयांवर आम्ही चाळीस जण. सर वाईट नव्हते. जीव तोडून शिकवायचे. पण त्यांचा एक नियम होता. दहा मार्कांना पाच मुद्दे लागतात. पुस्तकात आठ असतील तर तीन फुकटचे. प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला ते म्हणायचे, पेन्सिल घ्या आणि फुकटचे खोडा, डोळा तिकडे जाता कामा नये. कोणते खोडायचे तेही तेच सांगत. ज्याचा परिच्छेद लांब तो मुद्दा बाद. पाठ करायला वेळ जातो म्हणून.

मला तेव्हा ही अक्कलहुशारी वाटली होती. वर्षभरात माझं पुस्तक पेन्सिलीच्या रेघोट्यांनी भरलं आणि डोकं हलकं झालं.

पाठ झालेला धडा कोणाला तरी म्हणून दाखवायचा, ही तिकडची रीतच. समोरच्याने पुस्तक धरायचं आणि आपण न अडखळता म्हणायचं. आईकडे मी हे करून बघितलं. पण आई मराठी माध्यमाची, त्यातून मायाळू. मी चार शब्द गाळले तरी ती मान डोलवायची. अक्का तशा नव्हत्या. त्या आठवीपर्यंत शिकलेल्या, इंग्रजी वाचायच्या ते अक्षराला अक्षर लावून, पण ओळीवर बोट ठेवायच्या आणि माझ्या तोंडून येणारा शब्द बोटाखालच्या शब्दाशी ताडून बघायच्या. ‘द’ राहिला तरी बोट थांबायचं. मग मी मागे जायचे. पाचची पिठाची गर्दी ओसरली की सहाला आमची शाळा सुरू. त्यांच्या नखाशी वाळलेलं पीठ असायचं आणि माझ्या पुस्तकाच्या पानांवर त्याचे पांढरे ठिपके पडायचे. त्यांच्याइतकी कडक परीक्षक मला पुढे विद्यापीठातही भेटली नाही.

अर्थ मात्र त्या विचारायच्या नाहीत आणि मीही सांगायचे नाही. मलाच कुठे माहीत होता?

पोंगल, म्हणजे आपली संक्रांत, झाल्यावर एका संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा विचारलं. उडीद महाग झाले होते. माप बारा रुपयांना देणं परवडेनासं झालं होतं. त्यांनी पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं आणि म्हणाल्या, “तूं हेंच शिकतेस कीं. मज सांग पाहूं, दर वाढवला तर माणसं येतील कीं नाहीं?”

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. अठरा वर्षांची मी, आणि कोणीतरी मला धंद्याचा सल्ला विचारत होतं. त्याच आठवड्यात आम्ही मागणीच्या लवचीकतेचा धडा संपवला होता. दर वाढला की मागणी किती घटते हे कशाकशावर अवलंबून असतं, त्याचे पाच मुद्दे मला तोंडपाठ होते. मी ते मराठीतून एकेक करून पिठाला लावले. वस्तू गरजेची का चैनीची? मांबलममध्ये इडली म्हणजे गरज. मिळकतीतला किती भाग तिच्यावर जातो? नगण्य. सवयीची आहे का? पिढ्यान्‌पिढ्यांची. खरेदी पुढे ढकलता येते का? सकाळी पोरांचा डबा असतो, कशी ढकलणार? आणि पाचवा, वस्तूचे उपयोग किती? इडली म्हणा, डोसा म्हणा, उपयोग एकच, न्याहारीचा. पाचही मुद्दे असे चपखल बसले की मीच थक्क झाले. मी निकाल देऊन टाकला. पिठाची मागणी अलवचीक आहे अक्का, दर वाढवा, एकही माणूस तुटणार नाही, उलट मिळकत वाढेल.

अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणजे काय, ते मला विचारा.

अक्कांनी पुन्हा एकदा विचारलं, पुस्तकांत असंच आहे ना? मी म्हटलं, शब्दन्‌शब्द. दुसऱ्या दिवशी फाटकावर पुठ्ठा लागला: माप सोळा रुपये.

पहिला आठवडा बरा गेला. मग फाटकाशी माणसं कमी दिसायला लागली. पंधरा डब्यांचे दहा झाले, दहाचे सहा. दर वाढला म्हणून येत नाही, असं तोंडावर कोणी म्हणालं नाही. मांबलमची माणसं सभ्य. एकीच्या नवऱ्याला साखर निघाली होती आणि डॉक्टरांनी इडली बंद केली होती. एकीकडे सासू आली होती आणि ती घरीच दळायची. एक म्हणाली, हल्ली आम्ही सकाळी ब्रेड खातो. अक्कांनी ही कारणं ऐकून घेतली आणि त्यातून स्वतःचं कारण काढलं. माणसं सांगत नाहीत, पण पीठ बिघडलं आहे. हातगुण गेला.

मग त्यांनी तांदूळ बदलला. उडीद दोन तास जास्त भिजवून पाहिले. ग्राइंडरचे दगड टाकीवाल्याकडून टाकी लावून खडबडीत करून घेतले. मीठ कालवण्याआधी देवासमोर हात जोडून उभ्या राहायला लागल्या, पूर्वी ते शुक्रवारीच असायचं. एकदा मला आपला उजवा तळवा दाखवून म्हणाल्या, “बघ मा, हा थंड झाला आहे. थंड हाताचं पीठ चढत नाहीं.” मी तळवा हातात घेतला. तो चांगला गरम होता. तसं मी सांगितलंही, पण त्यांना ते पटलं नाही. न खपलेलं पीठ तिसऱ्या दिवशी इतकं आंबायचं की जिन्यात वास भरून राहायचा, आणि मग त्या ते मोरीत ओतून वर बादलीभर पाणी टाकायच्या.

मलाही पुस्तक चुकलं असेल असं वाटलं नाही. पुस्तक कसं चुकेल? मी मनातल्या मनात हातगुणावरच विश्वास ठेवला. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी!

फेब्रुवारीतली गोष्ट. शाळेत उजळणी परीक्षांचा सपाटा चालला होता, एक झाली की दुसरी. मी दुपारी घरी आले आणि थंड पाण्यासाठी फ्रिज उघडला. दुधाच्या पिशव्यांच्या मागे, कोथिंबिरीच्या डब्याखाली दडवलेली एक पिशवी होती. छापील, हवाबंद, इडली-डोशाच्या पिठाची. मागे पत्ता अंबत्तूरच्या कारखान्याचा आणि किंमत तेरा रुपये.

मी ती बाहेर काढली. मी आईला हाक मारली. आई आली, पिशवी माझ्या हातात बघून आधी लाजली आणि मग चिडली. उगाच का रोजचे जास्तीचे द्यायचे, म्हणाली. पलीकडच्या गल्लीत दिवाळीपासून नवं दुकान निघालंय, तिथे मिळतं, सगळेच तिथून आणतात. मंगळवारी आणि शुक्रवारी मी अक्कांकडून घेतेच की, अगदीच संबंध तोडलेत का मी? मग आवाज उतरवून म्हणाली, “अक्कांना बोलू नकोस हं. त्यांना वाईट वाटेल.”

आमच्याच घरात. जिच्याशी आई दिवसातून चार वेळा बोलायची, तिच्यापासून आई कोथिंबिरीखाली पीठ लपवत होती. आणि ते नवं दुकान! मी शिकवणीला जाताना रोज त्याच्यावरून जायचे. त्याच्या दारातला फ्रिज मी पाहिला होता, आतल्या पिशव्याही पाहिल्या होत्या. डोळ्यांनी पाहिलेलं डोक्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

मी खोलीत जाऊन पुस्तक उघडलं. लवचीकतेचा धडा, आठ मुद्दे. दुसराच मुद्दा, सगळ्यांत लांब, चहा-कॉफीच्या उदाहरणासकट, त्यावर माझ्या हाताने पट्टी लावून मारलेली पेन्सिलीची रेघ: पर्यायी वस्तू मिळते का? मिळत असेल तर दर वाढताच गिऱ्हाईक तिकडे वळतं, मग वस्तू कितीही गरजेची असो. मी तो परिच्छेद आयुष्यात पहिल्यांदा वाचला. तो सबंध परिच्छेद आमच्या गल्लीविषयी होता.

इथपर्यंत मला माझा राग येत नाही. पोरवय होतं, चूक झाली. राग येतो तो पुढच्या तीन आठवड्यांचा. खाली उतरून दोन वाक्यं बोलायची होती: अक्का, हात ठीक आहे, दर उतरवा. मी ती बोलले नाही. आईचं नाव निघेल अशी भीती होती, हे एक. माझी शोभा होईल, हे दुसरं. आणि तिसरं, जे मी कोणाजवळ कधी बोलले नाही, ते हे की अक्का रागावल्या तर माझा धडा कोण ऐकणार? परीक्षा महिन्यावर आली होती. मी रोज सहाला खाली जात राहिले, लवचीकतेचे पाचच मुद्दे म्हणत राहिले, आणि त्या रोज बोट फिरवत राहिल्या. दुसऱ्या मुद्द्यापाशी त्यांचं बोट उचललं जायचं आणि तिसऱ्यावर टेकायचं. मी समोर बसून ते बघायचे.

मार्चच्या पहिल्या रविवारी मुलगा आला. वरती आम्हाला फक्त त्याचा आवाज ऐकू येत होता, अक्कांचा नाही. संध्याकाळी त्याच वर आल्या आणि आईला म्हणाल्या की एप्रिलपासून जागा सोडते, मालकाला कळवून झालं. हातच राहिला नाही तर धंदा कसला? एक ग्राइंडर सुनेच्या माहेरच्यांना दिला. आई रडली. खरंच रडली, नाटक नव्हतं ते. दुसऱ्या दिवशी तिने सोमवार असूनही अक्कांकडून दोन मापं पीठ आणलं.

माझ्या परीक्षेत अर्थशास्त्राच्या आधी तीन दिवसांची सुट्टी होती. त्यातल्या दुसऱ्या दुपारी मला बसवेना. मी पुस्तक घेऊन खाली गेले, ते पान उघडलं आणि सगळं सांगितलं. दुकान, पिशव्या, तेरा रुपये, हा मुद्दा. आईचं नाव वगळलं. तेवढा भेकडपणा शिल्लक होता.

अक्कांनी चष्मा लावला. रेघेखालच्या अक्षरांवर बोट ठेवून त्या वाचायला लागल्या. चहा-कॉफीपर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागला. मी रडायच्या तयारीत होते. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या म्हणाल्या, “ही ओळ मज रोज दिसत होती. तुझी रेघ दिसली, म्हणून मी समजलें कीं हें चूक आहे.” मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून, खरोखरच कळत नसल्यासारखं विचारलं, “खरं असेल तें कोण खोडतं?”

दहा मार्कांना पाच मुद्दे पुरतात, हे त्या खोलीत, त्या एकट्या उरलेल्या ग्राइंडरसमोर, कोणत्या तोंडाने सांगणार?

मी म्हटलं, अजून दर उतरवता येईल, मी गल्लीत घरोघर जाऊन सांगते. त्यांनी नकाराची मान हलवली. मालकाने नव्या माणसांकडून ॲडव्हान्स घेतला होता. महिनाभर आधी कळलं असतं तर गोष्ट वेगळी होती, असं त्या म्हणाल्या, आणि ते त्यांनी टोचून म्हटलं नाही, जसं आहे तसं सांगितलं. मला ते जास्त लागलं. मग त्यांनी माझ्या कंपासमधला खोडरबर मागून घेतला आणि पान हाताने ताणून धरत ती रेघ पुसायला बसल्या. पुरती पुसली जाईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. पानावरचा चुरा फुंकून म्हणाल्या, “परीक्षेत हा मुद्दा पहिला लिही. सरी?”

मी म्हटलं, सरी, बरं, लिहीन अक्का. नक्की.

मग त्यांनी बोट पुढच्या धड्यावर ठेवलं आणि मला सुरुवात करायला सांगितली.

पेपरच्या दिवशी निघताना त्यांनी हातावर दही-साखर ठेवली. प्रश्नपत्रिका हातात आली आणि चौथ्या पानावर तो प्रश्न होता: मागणीची लवचीकता ठरवणारे कोणतेही पाच घटक स्पष्ट करा. मला आनंद झाला. मी लिहायला सुरुवात केली. तीन तासांचा पेपर, हात यंत्रासारखा चालत होता, आकृत्या पट्टीने, खाली दुहेरी रेघ, पुढचा प्रश्न. वेळेआधी दहा मिनिटं संपलं. बाहेर पडले, फाटकाशी मैत्रिणी उत्तरं ताडून बघत होत्या. एक म्हणाली, लवचीकतेत मी पर्यायी वस्तू पहिली लिहिली, तूही ना?

मी तोंड उघडलं आणि पाच मुद्दे आपोआप आले. गरजेची का चैनीची. मिळकतीतला भाग. सवय. पुढे ढकलता येणं. उपयोग किती. त्याच क्रमाने, शब्दन्‌शब्द, ‘द’सुद्धा न गाळता. उत्तरपत्रिकेतही तेच गेलं होतं. दोन दिवसांपूर्वी एका बाईला दिलेला शब्द, तिने स्वतः पुसलेली रेघ, सकाळचं दही, यातलं काहीही माझ्या हाताच्या आड आलं नव्हतं. मी रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. मला वाटलं मला ताप आलाय. घोकंपट्टी इतकी पक्की होती की तिच्यापुढे मी नव्हतेच.

घरी गेल्यावर अक्का पाठकोऱ्या कागदांत भांडी गुंडाळत होत्या. पेपर चांगला गेला का, एवढंच विचारलं. मी होकाराची मान हलवली आणि वर पळाले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टेम्पो आला.

निकाल लागला, एकशे शहाण्णव. गुण कापले असतील ते दुसऱ्याच कुठल्याशा आकृतीला. लवचीकतेला पैकीच्या पैकी मिळाले असावेत. कोणतेही पाच म्हटलं होतं, मी कोणतेही पाच लिहिले होते. सरांनी गच्चीवर माझ्याकडून पेढे वाटून घेतले आणि नव्या मुलांना म्हणाले, हिची पद्धत बघा.

बाबांनी मला अक्कांकडे सिरुसेरीला नेलं, पेढे द्यायला. दोन बस बदलून, उन्हात. अकराव्या मजल्यावर अक्का गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या. नखं स्वच्छ होती. सून घाईत होती पण आगतस्वागत करणारी. चला, गरम डोसे करते म्हणाली, आणि फ्रिज उघडून तीच छापील पिशवी काढली, अंबत्तूरची, आणि कोपरा कात्रीने कापला. अक्का ते बघत होत्या. डोसे पानात पडले तेव्हा त्यांनी एक तुकडा मोडला, चावला, आणि म्हणाल्या, बरं आहे. बाबांनी खाली बघितलं.

मार्क ऐकून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तोच उजवा, आणि तो अजून गरमच होता. मग पुढे वाकून, सुनेला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, “तो मुद्दा आला होता? पहिला लिहिलास ना?”

मी म्हटलं, हो अक्का, पहिला लिहिला.

त्यांनी समाधानाने मान हलवली आणि सुनेला आणखी एक डोसा माझ्या पानात वाढायला सांगितलं. तो मी खाल्ला.